वर्गणीच्या आधी अर्ज

(पुण्यातील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. इंजिनिअरिंग केले आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तरीही आयोजकांनी मला 'रुग्णालयात दाखल झालेला रुग्ण आणि आपण' या विषयावर बोलायला उभे केले आहे. त्याचे कारण एवढेच, की गेली सहा वर्षे मी आणि माझे चार-पाच मित्र सुटीच्या दिवशी दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. आमची नोंदणीकृत संस्था नाही, बॅनर नाही. एक वही आहे, तीन फोन आहेत आणि झेरॉक्सवाल्याकडे उधारीचे खाते आहे. या कामातून जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात तुमच्या-माझ्या फोनपासून करू. महिन्यातून निदान दोन वेळा आपल्या सगळ्यांना एक संदेश येतो. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो, रुग्णालयाने दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकाचा फोटो, खाली पैसे पाठवायचा कोड, आणि 'एक जान बचानेका सवाल है' अशी ओळ. आपले लोक पैसे देतात. भाजीवाला पन्नास रुपये देतो, रिक्षावाला शंभर देतो, रमजान असेल तर जकातीतून मोठी रक्कम निघते. दोन दिवसांत लाख-दीड लाख जमतात. समाजाच्या या दानतीबद्दल मला मनापासून आदर आहे. तिला नावे ठेवायला मी उभा नाही.

पण हे पैसे जमत असताना एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे बिल त्या कुटुंबाने भरायलाच हवे होते का? कायद्याने, सरकारी योजनेने किंवा न्यायालयाच्या आदेशाने जो खर्च आधीच माफ आहे, तो आपण गरिबांकडून वर्गणी काढून तर भरत नाही ना? माझा अनुभव असा आहे, की बऱ्याच वेळा आपण तेच करत असतो. म्हणून आज माझे म्हणणे एकच आहे. वर्गणीच्या आधी अर्ज. आधी हक्क वापरायचा, मग उरलेल्या ठिकाणी दान द्यायचे.

दाखल होण्याचे दार

आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट' नावाचा प्रकार असतो. फॉर्म भरणाऱ्याने काहीच निवडले नाही, तर जो पर्याय आपोआप लागू होतो त्याला डिफॉल्ट म्हणतात. खासगी रुग्णालयाच्या दाखल खिडकीवर डिफॉल्ट पर्याय एकच असतो : रोखीने पैसे भरणारा रुग्ण. तुम्ही काही बोलला नाहीत, तर तुम्ही रोखीचे रुग्ण. अनामत रक्कम भरा, पावती घ्या, वर जा. दुसरे पर्याय असतात, पण ते मागावे लागतात, आणि वेळेवर मागावे लागतात.

हे दुसरे पर्याय कोणते? महाराष्ट्रात मुख्यतः तीन दारे आहेत.

पहिले दार सरकारी रुग्णालयाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय या सगळ्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, म्हणजे पुण्यात ससून, ही वेगळ्या विभागाकडे येतात, आणि महापालिकेच्या रुग्णालयांचा कारभार महापालिकेकडे असतो. तिथे थोडे शुल्क लागू शकते, पण खासगी बिलाशी त्याची तुलना होत नाही.

दुसरे दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, नंतर राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आताचे नाव मिळाले. आता तिला केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची जोड आहे. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती मानली जायची, आता पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही तिच्यात घेतले आहे. दोन अटी लक्षात ठेवा. रुग्णालय योजनेच्या यादीत हवे आणि आजारावरचा उपचार योजनेच्या यादीत हवा. या याद्या वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. त्याला गाठा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयाचे, आणि याची माहिती आपल्या वस्त्यांत सर्वांत कमी आहे. ज्या मोठ्या रुग्णालयांची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झाली आहे, त्यांना समाजाकडून आणि सरकारकडून सवलती मिळालेल्या असतात. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार त्यांच्यावर जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यासाठी योजना ठरवून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात. उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला बरीच कमी होती. ती वाढत वाढत निर्धन रुग्णासाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत आली आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. ज्यांना आपण 'बडे लोगों का अस्पताल' म्हणतो, त्यातली कितीतरी या यादीत आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ती यादी पाहता येते.

हे पैसे रुग्णालय कुठून आणते, हेही समजून घेऊ. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची असते. निर्धन रुग्णाची खाट, शुश्रूषा, नेहमीच्या तपासण्या यांचे बिल लावायचेच नाही. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य, शरीरात बसवायचे भाग हे खरेदीच्या दराने धरायचे आणि ते पैसे त्या निधीतून वळते करायचे. डॉक्टरांनी आपली फी सोडायची. दुर्बल घटकातील रुग्णाने औषधे आणि साहित्याच्या खर्चातला निदान अर्धा वाटा उचलायचा असतो.

म्हणजे मुंबई-पुण्यातला जो रुग्ण आपल्या खिशातून मोठे बिल भरतो, त्याच्या बिलातून शेजारच्या खाटेवरच्या गरिबासाठी निधी उभा राहतो. हे कोणाचे उपकार नाहीत. हा हिशेब न्यायालयाने लावून दिलेला आहे. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

पहिला तास

एक उदाहरण सांगतो. कोंढव्यातल्या एका रिक्षाचालकाला छातीत दुखू लागले. घरच्यांनी त्याला जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले. खिडकीवर अनामत रक्कम मागितली. भाभींनी बांगड्या सोनाराकडे ठेवल्या, दीर साठ हजार घेऊन आला, रुग्ण रोखीने दाखल झाला. दुसऱ्या दिवशी वर्गणीचा संदेश फिरू लागला आणि माझ्यापर्यंत पोहोचला. मी फोन करून तीन प्रश्न विचारले. शिधापत्रिका कोणत्या रंगाची? रुग्णालयाच्या तळमजल्यावर योजनेचा फलक आहे का? आरोग्यमित्राला भेटलात का? शिधापत्रिका केशरी होती. फलक होता. आरोग्यमित्राला कोणी भेटले नव्हते, कारण तसा माणूस असतो हेच कोणाला माहीत नव्हते.

आम्ही गेलो, अर्ज केला. पुढची शस्त्रक्रिया योजनेत मंजूर झाली. पण आधी भरलेले साठ हजार परत मिळाले नाहीत. रुग्णालयाचे म्हणणे असे, की त्या दिवसापर्यंत तो रोखीचा रुग्ण होता आणि त्या दिवसापर्यंतचे बिल रोखीचेच. मग तो आवाज, ती धावपळ, बांगड्या, सगळे कशासाठी? दाखल करताना एक वाक्य बोलले गेले नाही म्हणून. 'आम्हाला योजनेतून दाखल व्हायचे आहे, आरोग्यमित्र कुठे बसतात?' एवढेच वाक्य. धर्मादाय रुग्णालय असेल तर विचारायचे, 'वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात?' ही दोन वाक्ये आपल्या वस्तीतल्या प्रत्येक माणसाला पाठ हवीत.

तुम्ही म्हणाल, माणूस तडफडतो आहे आणि हा इंजिनिअर खिडकी-खिडकी खेळायला सांगतो आहे. तसे नाही. तातडीच्या रुग्णाचा नियम वेगळा आहे, आणि तो नियम कोणामुळे मिळाला ते सांगण्यासारखे आहे.

८ जुलै १९९२ ला पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्थानकाजवळ हकीम शेख नावाचा एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. तिथून त्याला कलकत्त्याला आणले. त्या रात्री आणि पुढे तो एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या रुग्णालयात फिरला. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि त्याला सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजूर समिती, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही हे कारण सरकारला पुढे करता येणार नाही. हकीम शेखला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. त्याआधी, १९८९ मध्ये, परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते, की अपघाताचा रुग्ण असला तरी पोलिसांच्या कागदांची वाट न पाहता आधी जीव वाचवायचा, आणि हे सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांना लागू आहे.

आता लक्षात घ्या. हकीम शेखच्या मागे संघटना होती म्हणून एका मजुराची वणवण देशाचा कायदा झाली. त्याच्यासाठी फक्त वर्गणी काढली असती, तर १७ हजार फिटले असते आणि विषय संपला असता. वर्गणी आणि हक्क यांत हा फरक आहे. वर्गणी एका बिलापुरती असते. हक्क मागितला तर तो मागून येणाऱ्या सगळ्यांना मिळतो.

आपल्याकडच्या २००६ च्या धर्मादाय योजनेतही हे स्पष्ट आहे. तातडीचा रुग्ण आला तर धर्मादाय रुग्णालयाने अनामत न मागता त्याला दाखल करायचे, जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे आणि त्याची प्रकृती स्थिर करायची. तरी एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर गर्भवती महिलेकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. ती महिला दुसरीकडे बाळंत झाली आणि दगावली. राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण संताप आठवड्यात ओसरतो. अनामत मागितली तर 'हे लेखी द्या' असे शांतपणे म्हणणारा माणूस रुग्णाबरोबर उभा असणे, हे रोजचे काम आहे.

कागद घरातच अडतो

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राचा विषय. योजना संगणकावर चालते आणि संगणक अक्षरे जुळवतो. माणसाला 'शेख' ऐकले की शेख समजते. संगणकाला मात्र इंग्रजीतले चार 'शेख' चार वेगळी माणसे वाटतात. एकात 'आय' आहे, एकात नाही, एकात दोन 'ई' आहेत. आपल्या घरांत हे सर्रास दिसते. आधारवर एक स्पेलिंग, शिधापत्रिकेवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. कुठे 'मोहम्मद' पूर्ण लिहिलेले, कुठे नुसते 'मो.' एवढेच. बाईचे नाव माहेरचे एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्या कागदावर. नवी सून शिधापत्रिकेवर चढवलेलीच नसते, आणि पहिले बाळंतपण अडते तेव्हा ते लक्षात येते. जन्मलेले मूल तीन-तीन वर्षे कागदावर नसते.

आमच्या वहीत अडकलेल्या प्रकरणांची कारणे लिहिलेली आहेत. रुग्णालयाने हाकलले, असे प्रकार आहेत. पण त्याहून जास्त प्रकार 'नाव जुळत नाही' याचे आहेत. रुग्ण अतिदक्षता विभागात आणि मुलगा तहसील कार्यालयाच्या रांगेत, हे चित्र आम्ही कितीदा पाहिले आहे! एक चाची मला म्हणाल्या होत्या, 'बेटा, अपने काम पैशे से होते, कागद से नै होते.' त्यांचा अनुभव खोटा नव्हता. ज्याचे कागद कधी धड नसतात, त्याला पैशाशिवाय मार्ग दिसत नाही, आणि पैसा नसतो म्हणून त्याला हात पसरावे लागतात. हे चक्र तोडायचे असेल, तर कागद आजारपणाच्या आधी दुरुस्त व्हायला हवेत.

म्हणून निरोगी असताना करायची कामे चार. आधार आणि शिधापत्रिकेवरची नावे एकसारखी करणे. घरातली सगळी माणसे, सून आणि तान्हे बाळसुद्धा, शिधापत्रिकेवर चढवणे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवणे आणि मुदत संपली की नवा काढणे. या सगळ्याचे फोटो घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये ठेवणे, कारण कागद ज्याच्या कपाटात असतात तोच माणूस नेमका आजारी पडतो.

दाखल झाल्यावर

रुग्ण खाटेवर गेला म्हणजे नातेवाइकांचे काम संपले असे नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले. पुढच्या वेळी रुग्णाला भेटायला जाल तेव्हा फळांची पिशवी न्या, आणि तो फलक कुठे लावला आहे हेही बघून या.

त्यातले रोज उपयोगी पडणारे काही हक्क सांगतो. आजार काय आहे, उपचार काय चालले आहेत आणि अंदाजे खर्च किती येईल, हे समजेल अशा भाषेत विचारण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क. औषधे आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क, म्हणजे रुग्णालयातल्याच दुकानातून औषध घ्या अशी सक्ती करता येत नाही. आणि कागद मिळण्याचा हक्क. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केली, की त्याच्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे सांभाळायच्या असतात. आमच्या कामात काही बिघडले की आम्ही सर्वांत आधी लॉग पाहतो, कधी काय झाले त्याची नोंद. रुग्णाची केस फाइल म्हणजे तसा लॉग आहे. दुसरे मत घ्यायचे असो, विम्याचा दावा असो की तक्रार, त्या फाइलशिवाय पुढे जाता येत नाही.

एका हक्कावर मी थोडा थांबणार आहे, कारण तो आपल्या घरांशी थेट संबंधित आहे. संमतीचा हक्क. बाई शस्त्रक्रियेसाठी दाखल होते आणि सही कोण करतो? नवरा. नवरा नसेल तर सासरा, भाऊ. रुग्णालयही 'मिस्टरांना बोलवा' म्हणते. ही सवय आहे, हा कायदा नाही. समीरा कोहली यांचा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. दिल्लीतल्या या अविवाहित महिला १९९५ मध्ये रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीतून तपासणी करायला त्यांनी संमती दिली. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकते आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमतीही चालत नाही.

आईची चालत नाही, तर नवऱ्याची कशी चालेल? गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असो, गर्भाशयाची असो, बाईला समोर बसवून, तिच्या भाषेत समजावून, तिची सही घ्यायला हवी. आपण स्त्रियांच्या समान हक्कांबद्दल शिबिरांत बोलतो. तो हक्क बाई आजारी पडली की वॉर्डाच्या दारात ठेवून यायचा नसतो. नातेवाईक म्हणून आपण एवढे म्हणू शकतो : 'डॉक्टरसाहेब, मी सही करायच्या आधी तिला विचारा.'

फोटोचेही तसेच. वर्गणीच्या संदेशात आपण बाईचा, लहान मुलाचा, नळ्या लावलेला चेहरा हजारो फोनवर पाठवतो, आजाराचे नाव लिहितो. रुग्णाला खासगीपण आणि प्रतिष्ठा जपण्याचा हक्क आहे. मदत मागतानाही तो सुटत नाही.

घरी सोडताना

बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही आणि मृतदेहही अडवता येत नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट लिहिले आहे. थकलेल्या बिलाची वसुली करायला रुग्णालयाला कायदेशीर मार्ग आहेत, पण त्यासाठी माणूस ओलीस धरता येत नाही. आपल्याकडे दफनाची घाई असते, जनाजा थांबलेला असतो, गावाहून माणसे निघालेली असतात. अशा वेळी कुटुंब सांगतील तिथे सही करते आणि मागतील तेवढे पैसे उसने आणते. म्हणून त्या क्षणी शांत डोक्याचा एक माणूस बरोबर हवा. मात्र एक फरक लक्षात ठेवा. अपघात, भाजणे, संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत देह मिळत नाही. तो उशीर कायद्याचा असतो, बिलाचा नसतो. त्यावरून रुग्णालयाशी भांडू नका.

भांडणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. डॉक्टर किंवा परिचारिकेवर हात उचलणे, तोडफोड करणे यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. रात्री तीन वाजता वॉर्डात असलेली परिचारिका किंवा निवासी डॉक्टर यांच्या हातात ना खाटांचा कोटा असतो, ना बिल. अनामत रक्कम त्यांनी ठरवलेली नसते. आपण ज्याच्यावर ओरडतो तो माणूस बहुधा चुकीचा असतो. योग्य माणूस कार्यालयात असतो, आणि त्याला आवाजापेक्षा अर्ज जास्त ऐकू येतो. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर पोच घ्या. दखल घेतली नाही, तर धर्मादाय रुग्णालयाबाबत धर्मादाय सहआयुक्तांकडे, योजनेबाबत १५५३८८ वर, इतर खासगी रुग्णालयाबाबत शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.

मग आपल्या पैशाचे काय?

कोणी विचारेल, सगळे हक्काने मिळणार असेल तर जकात, सदका, वर्गणी यांची गरजच काय? गरज आहे, आणि खूप आहे. दाखल रुग्णाच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक रुग्णालयाच्या बिलात दिसतो, दुसरा कुठेच दिसत नाही. हमाल महिनाभर खाटेवर पडला, तर त्याची मजुरी कोणती योजना देते? कोणतीही नाही. बीडहून, परभणीहून आलेल्या रुग्णाबरोबरचा माणूस रुग्णालयाच्या फुटपाथवर झोपतो, वडापावावर दिवस काढतो. त्याच्या जेवणाचे, अंघोळीचे, मुक्कामाचे काय? फुले योजनेत घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला असतो. नंतर महिनोन्महिने घ्यायच्या औषधांचे काय? आई रुग्णालयात असताना घरच्या लहान मुलांना कोण सांभाळते, त्यांची शाळा कोण बघते? आपला पैसा इथे लागायला हवा. दीड लाखाच्या बिलात जी वर्गणी एका दिवसात विरघळते, तिच्यातून वीस कुटुंबांचा महिन्याचा किराणा भरता येतो.

आणखी एक गोष्ट. वॉर्डात जात-धर्माच्या वेगळ्या रांगा नसतात. शेजारच्या खाटेवर कांबळे असतात, पवार असतात, एखादे परप्रांतीय मजूर असतात. त्यांचीही शिधापत्रिका अशीच चुकलेली असते आणि त्यांनाही खिडकीवरचे वाक्य माहीत नसते. योजनेचा अर्ज उत्पन्न विचारतो, धर्म विचारत नाही. मदत करताना आपणही तो विचारू नये. आमच्या वहीत निम्म्याहून अधिक नावे मुस्लिमेतर आहेत, आणि त्यातल्या दोन कुटुंबांतली मुले आता आमच्याबरोबर रविवारी कागद तपासायला बसतात.

शेवटी मागणी करतो. ही सभा संपल्यावर प्रत्येक शाखेने दोन नावे द्यावीत, त्यात निदान एक बाई असावी. त्या दोघांनी आपल्या भागातल्या यादीतल्या रुग्णालयांत जाऊन आरोग्यमित्र आणि वैद्यकीय समाजसेवक यांना भेटून यावे, त्यांची बसण्याची वेळ लिहून आणावी. महिन्यातून एका रविवारी वस्तीत कागद दुरुस्तीची बैठक घ्यावी. आणि पुढच्या वेळी वर्गणीचा संदेश आला, की तो पुढे पाठवण्याआधी त्या कुटुंबाला फोन करून तीन प्रश्न विचारावेत. शिधापत्रिका कोणती? रुग्णालय योजनेत किंवा धर्मादाय यादीत आहे का? अर्ज केला का? उत्तरे मिळाल्यानंतरही पैसे लागत असतील तर जरूर द्या, सढळ हाताने द्या.

नावे लिहून घ्यायची वही दारापाशी टेबलावर ठेवली आहे. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसणार आहे. येताना शिधापत्रिका बरोबर असेल तर तीही दाखवा, स्पेलिंग आजच तपासून टाकू.